चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरला पाणी पाजताना

आपल्याकडे दोन गोष्टी नेमक्या एकाच वेळी येतात. एक फायनल इयरचं प्रोजेक्ट सबमिशन आणि दुसरी ४५ अंशांच्या वर गेलेला पारा. अ‍ॅन्सिसचं सिम्युलेशन असो, ब्लेंडरचं रेंडरिंग असो की मशीन लर्निंगचं मॉडेल, जे काही दिवसरात्र चालवायचं ते एप्रिल-मेमध्येच चालवायचं असतं. आणि दुपारी दोन वाजता पीसीचे पंखे जेट विमानासारखे ओरडायला लागतात, प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो आणि चार तासांचं काम सहा तासांवर जातं. मग हॉस्टेलवर कोणीतरी एक तज्ज्ञ हमखास म्हणतो, "अबे, वॉटर कूलिंग लाव ना! टेन्शनच नाही."

टेन्शन आहे. किती आहे ते बघूया.

आधी वॉटर कूलिंग म्हणजे काय, हे थोडक्यात. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा एक ब्लॉक बसवतात. त्याच्या पोटात केसाएवढ्या बारीक खाचा असतात. पंप त्यातून पाणी फिरवतो, पाणी उष्णता घेऊन रेडिएटरकडे जातं, तिथे पंखे त्या पाण्याची उष्णता हवेत सोडतात आणि पाणी परत फिरतं. ग्राफिक्स कार्डालाही असाच ब्लॉक लावता येतो. तयार सीलबंद सेट बाजारात मिळतात, पण आपण बोलतोय ते सुटे भाग आणून स्वतः जुळवलेल्या लूपबद्दल, ज्याला कस्टम लूप म्हणतात.

पाणीच का? कारण सोपं आहे. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण १.२ किलोज्यूल लागतात, तेवढ्याच पाण्याला ४१८० च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच जागेत पाणी हवेच्या जवळपास साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. हे काही नवीन खूळ नाही. पुण्याच्या आयसरमध्ये सी-डॅकने २०१९ मध्ये उभारलेल्या परम ब्रह्म या सुपरकॉम्प्युटरमध्ये पाणी थेट प्रोसेसरपर्यंत नेऊन कूलिंग केलेलं आहे.

पण इथे एक गोष्ट बहुतेक व्हिडिओंमध्ये कोणी ठळकपणे सांगत नाही. पाणी उष्णता *वाहून नेतं*, नाहीशी करत नाही. ती शेवटी जाते खोलीच्या हवेतच. त्यामुळे रेडिएटर कितीही मोठा लावा, पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. ते नेहमी हवेपेक्षा काही अंश वरच राहणार. किती वर, एवढंच काय ते आपल्या हातात.

जर्मनीचा हिशेब आणि आपला हिशेब

एक उदाहरण घेऊ. रायझन ७ ७७००एक्स प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालताना १४२ वॅटपर्यंत घेतो. आरटीएक्स ४०७० कार्ड २०० वॅट. दोन्ही एका लूपवर घेतले तर पंप वगैरे धरून ३५० वॅट उष्णता झाली. म्हणजे हॉस्टेलमध्ये (वॉर्डनच्या नजरेआड) चहा करायच्या छोट्या कॉइलएवढी, पण अखंड.

रेडिएटर मोजतात तो पंख्यांवर. १२० मिलीमीटरचे दोन पंखे बसतात तो २४० चा, तीन बसतात तो ३६० चा. ढोबळ नियम असा की पंखे मध्यम वेगाने फिरत असतील तर एका १२० च्या तुकड्यामागे १०० वॅट टाकले की पाणी हवेपेक्षा साधारण १० अंश वर जाऊन स्थिरावतं. म्हणजे आपले ३५० वॅट २४० च्या रेडिएटरवर टाकले तर पाणी हवेच्या सतरा-अठरा अंश वर, ३६० च्या रेडिएटरवर बारा अंश वर.

आता ज्यांनी हे व्हिडिओ केलेत ते बसलेत २२ अंशांच्या खोलीत. २२ अधिक १७ म्हणजे ३९. मस्त! काहीच प्रॉब्लेम नाही. आपल्या हॉस्टेलची वरच्या मजल्यावरची खोली घ्या. दिवसभर स्लॅब तापलेला, बाहेर ४६, आत पंखा गरम हवा फिरवतोय. खोली ४२ अंशांवर धरली तरी २४० च्या रेडिएटरचं पाणी ५९ वर जातं. हा आकडा ऐकून घाबरायला पाहिजे. कारण या छंदात सगळ्यात जास्त वापरला जाणारा डी-५ पंप ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी बनवलेला आहे. पीईटीजीच्या कडक पारदर्शक नळ्याही साधारण ६० च्या पुढे भरवशाच्या राहत नाहीत, हळूहळू नरम पडतात आणि फिटिंगमधून सुटू शकतात. म्हणजे तिकडे २१ अंशांची मोकळीक असलेला सेट इकडे एका अंशावर येऊन टेकतो. कूलर नाही, खिडकी उघडी आणि खोली ४४ वर गेली की संपलं.

प्रोसेसरचंही ऐका. या चिपमध्ये उष्णता फार लहान जागेत तयार होते, त्यामुळे पूर्ण लोडवर चिप पाण्यापेक्षा ३० ते ४० अंश वर राहते. पाणी ५९ असेल तर चिप ९५ च्या आसपास, आणि या प्रोसेसरची मर्यादाही ९५ च. म्हणजे पंचवीस-तीस हजार रुपये खर्च करून, नळ्या वाकवून, रंगीत लाइट लावून दुपारी दोन वाजता परत तेच थ्रॉटलिंग. बापा!

म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीत वॉटर कूलिंगचं प्लॅनिंग रेडिएटरपासून नाही, खोलीपासून सुरू करायचं. यावर माझं मत पक्कं आहे. दुसऱ्या रेडिएटरवर सहा-सात हजार घालण्याआधी ते पैसे एका चांगल्या डेझर्ट कूलरवर घाला. दुसरा रेडिएटर पाणी चार-पाच अंशांनी खाली आणेल, कूलर खोलीच बारा-तेरा अंशांनी खाली आणेल. शिवाय तुम्हालाही झोप लागेल, हा बोनस.

कूलर काय करतो

विदर्भातल्या माणसाला कूलर समजावून सांगणं म्हणजे तिखट समजावून सांगण्यासारखं आहे. पण त्यातलं फिजिक्स आपल्या कामाचं आहे. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर त्या हवेचं वेट बल्ब तापमान २४ अंशांच्या आसपास येतं. म्हणजे पाण्याचं बाष्पीभवन होऊन हवा जास्तीत जास्त तिथपर्यंत थंड होऊ शकते. ताट्या स्वच्छ आणि नीट भिजलेल्या असतील तर कूलर या फरकाचा साधारण तीन चतुर्थांश भाग गाठतो. ४५ मधून सोळा वजा करा, कूलरमधून २९ ची हवा बाहेर येते. खोली ३० वर ठेवली तर आपलं ३६० च्या रेडिएटरचं पाणी ४२ वर थांबतं. पंप खूश, नळ्या खूश, प्रोसेसर खूश.

अट एकच, कूलर खिडकीत हवा आणि समोरचा दरवाजा किंवा झरोका उघडा हवा. बंद खोलीत कूलर तीच ओली हवा परत परत फिरवतो आणि दोन तासांत सगळं चिकट. आणि पीसी कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. बारीक तुषार उडतात, तेही क्षारांनी भरलेले.

जुलै-ऑगस्टमध्ये कूलर काही कामाचा नाही हे खरं. पण तेव्हा खोलीच तिशीच्या आसपास असते, म्हणून भागतं. हिवाळ्यात तर प्रश्नच नाही.

एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं. खरं सांगायचं तर खोली ३० वर आली की दोन-तीन हजारांचा टॉवरसारखा एअर कूलरसुद्धा अशा प्रोसेसरला सांभाळतो, आणि ज्याच्याकडे मोठं ग्राफिक्स कार्ड नाही त्याने इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल! पण डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये वर्कस्टेशन दिवसरात्र चालत असेल, किंवा ज्याला करून बघायची खाज आहे, त्याच्यासाठी पुढची गोष्ट.

ऊर्जानगरची आयडिया

कूलरच्या टाकीतलं पाणी हात घालून बघा. बाहेर ४५ असताना ते चोवीस-पंचवीस अंशांवर असतं, कारण ताट्यांवरून परत येणारं पाणी वेट बल्बच्या जवळ जाऊन थांबतं. मग डोक्यात पहिला विचार येतो की हेच पाणी थेट प्रोसेसरवरून फिरवलं तर? रेडिएटर नको, पंखे नकोत!

थांबा. हे कोणी आधीच केलंय, आणि ते आपल्याला रोज दिसतं. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. कोळशातली जेमतेम एक तृतीयांशच्या थोडी वर ऊर्जा विजेत जाते, उरलेल्यातला सगळ्यात मोठा वाटा कंडेन्सरमधून पाण्यात आणि तिथून कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन आभाळात जातो. कूलिंग टॉवर म्हणजे आपला कूलरच, फक्त राक्षसी आकाराचा. त्याला लागणारं पाणी येतं इरई धरणातून, आणि २०१० च्या उन्हाळ्यात ते कमी पडलं तेव्हा इथले संच बंद ठेवायची वेळ आली होती. थंड करायला पाणी नसेल तर कोळसा कितीही असो, काही उपयोग नाही.

पण आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. तिथे बॉयलर-टर्बाइनमधून फिरणारं पाणी आणि कूलिंग टॉवरमधलं पाणी एकमेकांना कधीच भेटत नाहीत. बॉयलरचं पाणी क्षार काढून शुद्ध केलेलं असतं. टॉवरचं पाणी साधं असतं, बाष्पीभवनाने त्यातले क्षार वाढत जातात, म्हणून त्यातलं थोडं सतत सोडून देऊन नवीन भरावं लागतं. दोघांमध्ये कंडेन्सरच्या नळ्यांची भिंत. उष्णता पलीकडे जाते, पाणी जात नाही.

तुमच्या पाणी तापवायच्या हीटिंग रॉडवर जो पांढरा थर बसतो तो बघितलाय ना? कूलरच्या टाकीत बोअरचं पाणी रोज आटतं, रोज भरलं जातं आणि क्षार मागे राहतात. ताट्या महिन्याभरात पांढऱ्या होतात. आता हेच पाणी ब्लॉकमधल्या मिलीमीटरच्या पाव भागाएवढ्या खाचांतून फिरवा. पंधरा दिवसांत ब्लॉक चोंदणार.

म्हणून ऊर्जानगरसारखे दोन लूप करायचे. पीसीचा लूप पूर्ण बंद, त्यात स्वच्छ कूलंट. तो लूप बाहेर काढून कूलरच्या टाकीत बुडवलेल्या तांब्याच्या कॉइलमधून फिरवायचा. एसी-फ्रिजवाल्यांकडे अर्धा इंची नरम तांब्याची पाइप मिळते, तिची ८-१० मीटरची गुंडाळी पुरते. अर्धा इंचच घ्या. पैसे वाचतात म्हणून तीन-अष्टमांश इंची घेतली तर एवढ्या लांबीत पंपाचा सगळा दम पाइपमध्येच जातो. आणखी एक सोय म्हणजे अर्धा इंची पाइपचा बाहेरचा व्यास १२.७ मिलीमीटर असतो, आणि अर्धा इंच आतल्या व्यासाची मऊ नळी त्यावर घट्ट बसते. वरून क्लॅम्प आवळला की झालं.

कॉइलच्या पृष्ठभागावरून ढोबळ हिशेब केला तर ३५० वॅटसाठी लूपचं पाणी टाकीच्या चार-पाच अंश वर राहील. म्हणजे बाहेर ४५ असताना प्रोसेसरकडे जाणारं पाणी ३० च्या आसपास! आणि ही ३५० वॅट उष्णता खोलीत न येता ताट्यांवरून वाफ होऊन जाते. त्यासाठी तासाला जेमतेम अर्धा लिटर जास्त पाणी लागतं.

लाइट गेली तर? पीसी यूपीएसवर आणि कूलर बंद, असं होणारच. वादळात जंगलातून येणाऱ्या लाइनवर झाड पडलं की अहेरी-सिरोंच्याकडच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. पण टाकीत ५० लिटर पाणी असेल तर ३५० वॅटने ते एक अंश तापायला दहा मिनिटं लागतात. अर्ध्या तासात तीन अंश. तोपर्यंत फाइल सेव्ह करून चहा पिऊन येता येतं. साधा रेडिएटरवाला लूप, ज्यात लिटरभरच पाणी असतं, ही चैन देत नाही.

आता दव साचण्याची भीती. थंड पाण्याने बोर्डावर थेंब जमले तर? या पद्धतीत ते होत नाही, आणि हे नशिबावर नाही. टाकीचं पाणी वेट बल्बच्या खाली जात नाही, हवेचा दवबिंदू वेट बल्बच्या वर जात नाही, आणि आपला लूप टाकीपेक्षा गरम असतो. मे असो की ऑगस्ट, नियम तोच. फक्त टाकीत बर्फ टाकला की हा नियम मोडतो. पाहुणे आले की कूलरमध्ये बर्फाची लादी टाकायची काहींना सवय असते. पीसी जोडलेला असेल तर ती सवय सोडा.

जिथे जीव जातो ती जागा

कामगिरीचं पुरे, आता सगळ्यात महत्त्वाचं. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. टाकीतल्या छोट्या पंपाचं इन्सुलेशन खराब होतं, पाण्यात करंट उतरतो, पत्र्याची बॉडी असेल तर तीही जिवंत होते. आणि आपण त्याच पाण्यात तांब्याची कॉइल टाकून तिचं दुसरं टोक कॉम्प्युटरपर्यंत नेतोय! त्यामुळे तीन पिनचा प्लग आणि खरोखर चालणारं अर्थिंग (टेस्ट लॅम्प लावून बघा, सॉकेटला तिसरं भोक आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका), त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, आणि कॉइललाही अर्थिंगची वायर. यातलं एकही नसेल तर ही दुसरी आयडिया करायची नाही, पहिलीवर समाधान मानायचं. हॉस्टेलमध्ये वायरिंगला हात लावायचा असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि रेक्टर सरांना आधी सांगा. पाणी भरताना कूलरचा प्लग काढलेला हवा, हे तर घरी आईनेच शिकवलेलं असतं.

शक्यतो प्लास्टिक बॉडीचा कूलर घ्या. शॉकचा धोका थोडा कमी होतो, आणि जस्त चढवलेल्या पत्र्याच्या टाकीत तांबं बुडवलं की पत्रा लवकर सडतो, तेही टळतं. हाच नियम लूपच्या आतही. तांब्याचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचा स्वस्त रेडिएटर एका पाण्यात ठेवले की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. जोड्या तांबं, पितळ, निकेल अशाच ठेवा.

लूपमध्ये काय भरायचं? तयार कूलंट मिळतं, नाहीतर बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात शेवाळ व गंज रोखणारं औषध. दुकानात नीट मागा, त्याच काउंटरवर बॅटरीचं अ‍ॅसिडही असतं. आरओचं पाणी नको, त्यात क्षार उरतातच.

रेडिएटर काढून टाकू नका बरं का. केसमध्ये एक २४० चा राहू द्या, हिवाळ्यात तेवढा पुरतो आणि कूलर अडगळीत टाकता येतो. उन्हाळ्यात कॉइल जोडलेली असताना मात्र त्याचे पंखे बंद ठेवा. तेव्हा लूपचं पाणी खोलीएवढंच किंवा खोलीपेक्षा थंड असतं, पंखे चालू राहिले तर रेडिएटर उलट खोलीची उष्णता पाण्यात ओढतो. कॉइलच्या दोन्ही टोकांना झटपट सुटणारे कनेक्टर लावले तर अदलाबदल पाच मिनिटांचं काम. इथल्या कोळशाच्या धुळीत रेडिएटरच्या जाळ्या लवकर भरतात, म्हणून त्यावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बसवा आणि दर रविवारी झटका.

कोणता भाग आधी, कोणता नंतर यावर मुलं तासन्‌तास भांडतात. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ३५० वॅट घेऊनही पूर्ण चकरेत ते सव्वा-दीड अंशच तापतं, त्यामुळे क्रमाने फारसा फरक पडत नाही. एकच क्रम सांभाळा, पाण्याची छोटी टाकी पंपाच्या बरोबर आधी आणि वर, म्हणजे पंप कोरडा चालत नाही. पंपाच्या वेगाची वायर मदरबोर्डच्या सीपीयू फॅनच्या पिनांवर जोडा आणि बायोसमध्ये अलार्म चालू करा. पंप थांबला तर बोर्ड ओरडेल.

पाणी भरल्यावर लगेच कॉम्प्युटर चालू करण्याचा मोह होतो. नाही. फक्त पंपाला करंट द्या, बाकी सगळ्या वायर काढून ठेवा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर, आणि २४ तास तसंच चालू द्या. टिश्यू कोरडे राहिले तरच पुढे. एप्रिलमध्ये सबमिशन असेल तर हे सगळं फेब्रुवारीत करून घ्या, कारण मार्चअखेर चंद्रपुरात ना कूलरवाला सापडतो ना एसीवाला.

कूलंट वर्षातून एकदा बदला. टाकीचं पाणी मात्र आठवड्याला. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा असं आरोग्य खातं सांगतं ना, तो कूलरलाही लागू आहे. दोन लूप वेगळे असल्याचा फायदा इथेही होतो. त्या दिवशी टाकी रिकामी करून घासा, कॉइल फडक्याने पुसा, ताट्या उन्हात वाळवा. पीसीला स्क्रू ड्रायव्हर लावायची गरज नाही. तोपर्यंत रेडिएटरचे पंखे चालू करा आणि जड काम रात्रीवर ढकला.